कथेचं वय कसं काढायचं?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या टपालात गंगापूर रोडवरून एक लांब पत्र आलं आहे. एम. ए. इतिहासाच्या पहिल्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीने ‘अमेरिकेच्या इतिहासातली मिथकं’ या विषयावरचं आपलं टिपणही सोबत जोडलं आहे. नाशिकमधल्या आणखी काही वाचकांनी याच विषयावर विचारलं होतं. म्हणून या वेळी एकच विषय घेतला आहे.

प्रश्न : वॉशिंग्टन आणि चेरीचं झाड, कोलंबस आणि सपाट पृथ्वी, बेट्सी रॉसने शिवलेला पहिला झेंडा अशा सात कथा मी टिपणात घेतल्या आणि प्रत्येक कथा खोटी कशी ते दाखवलं. सरांनी समासात एवढंच लिहिलं, ‘खोटं ठरवलंत, पुढे?’ पुढे काय लिहायचं तेच सुचत नाही. शिवाय सगळं मोडून काढल्यावर मनाला एक रितेपणा आला. एवढा मोठा देश खोट्या गोष्टींवर उभा आहे का?
(विद्यार्थिनी, गंगापूर रोड)

उत्तर : सरांचा शेरा मोलाचा आहे, तो जपून ठेवा. कथा खरी नाही हे दाखवणं ही पहिली पायरी. तुमच्या सातही कथांबाबत ते काम फार पूर्वी होऊन गेलंय. तुम्ही आता कथेचं वय काढा. दोन तारखा लिहा : घटना घडली असं म्हणतात ती एक, आणि ती कथा पहिल्यांदा कागदावर उतरली ती दुसरी. दोन्हींतलं अंतर मोजा. मग दुसऱ्या तारखेपाशी थांबून विचारा, तेव्हा त्या देशात काय चाललं होतं, कथा कोण सांगत होतं आणि ती कुणाला हवी होती? मिथक पहिल्या तारखेबद्दल फार थोडं सांगतं, दुसरीबद्दल पुष्कळ.

चेरीच्या झाडावर हे करून बघू. पुढे अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉर्ज वॉशिंग्टनने लहानपणी वडिलांचं चेरीचं झाड तोडलं आणि खोटं न बोलता ते कबूल केलं, ही ती गोष्ट. वॉशिंग्टनचा जन्म १७३२चा. कथेत तो सहा वर्षांचा आहे, म्हणजे पहिली तारीख साधारण १७३८. तो १४ डिसेंबर १७९९ रोजी वारला आणि पुढच्याच वर्षी मेसन लॉक वीम्स या माणसाने त्याचं छोटंसं चरित्र बाजारात आणलं. वीम्स पाद्री होता, पण पोट भरत होता गावोगाव पुस्तकं विकून. चेरीची गोष्ट त्या पहिल्या चरित्रात नाहीच. ती आली १८०६च्या पाचव्या आवृत्तीत. अंतर ६८ वर्षांचं. आधार काय, तर घराण्यातल्या एका दूरच्या नात्यातल्या वृद्ध बाईने सांगितलं. तिचं नाव नाही. वॉशिंग्टनचे वडील १७४३मध्येच वारले होते, म्हणजे विचारायलाही कुणी उरलं नव्हतं.

आता मूळ मजकूर स्वतः वाचा, कारण इथेच बहुतेकांची चूक होते. वीम्सच्या पुस्तकात झाड तोडलेलं नाही. मुलाने नव्या कुऱ्हाडीने त्याची साल इतकी सोलली की ते पुढे जगलं नसावं, एवढंच आहे. ‘झाड तोडलं’ हे पुढच्या सांगणाऱ्यांनी घातलं. आणखी एक, वीम्सच्या लेखी त्या प्रसंगाचा नायक निम्मा तर बाप आहे. मुलगा कबूल करतो आणि बाप त्याला मारण्याऐवजी पोटाशी धरतो. १८०६मध्ये देश स्वतंत्र होऊन तीस वर्षं झाली होती, सर्वांना बांधणारा राजा नव्हता की सर्वांचा एक पंथ नव्हता, आणि पहिला राष्ट्राध्यक्ष नुकताच गेला होता. मुलं कशी वाढवावीत हे नव्या प्रजासत्ताकातल्या आईबापांना कुणीतरी सांगायला हवं होतं. वीम्सने ते वॉशिंग्टनच्या तोंडून सांगितलं. ‘पुढे?’चं उत्तर हे आहे, आणि ते तुमच्या टिपणात एका ओळीतही आलेलं नाही.

कोलंबसचं अंतर तर ३३६ वर्षांचं आहे. पृथ्वी गोल आहे हे त्याच्या काळच्या शिकलेल्या माणसाला माहीत होतं. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनीसने तिचा घेरही काढला होता. स्पेनच्या दरबारातला वाद आकाराचा नव्हता, अंतराचा होता. कोलंबसने जपानपर्यंतचा समुद्र प्रत्यक्षाच्या पाव हिश्शाइतकाही धरला नव्हता. विरोधक बरोबर होते आणि कोलंबस चुकला होता. वाटेत एक खंड आडवा आला म्हणून त्याची माणसं वाचली. सपाट पृथ्वी मानणाऱ्या धर्मपंडितांशी एकटा भिडणारा कोलंबस लोकांपुढे ठेवला तो वॉशिंग्टन अर्व्हिंग या अमेरिकी लेखकाने १८२८च्या चरित्रात. इंग्लंडशी लढून सुटलेल्या देशाला इंग्रज नसलेला मूळपुरुष हवा होता. त्याची तयारी आधीपासून चाललेली दिसते. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात ज्या विद्यापीठात शिकले, त्याचं ‘किंग्ज कॉलेज’ हे नाव बदलून १७८४मध्ये ‘कोलंबिया’ झालं होतं. हा कोलंबस आजच्या अमेरिकी संघराज्याच्या मुख्य भूमीवर कधी उतरलाच नाही, हेही टिपणात हवं.

बेट्सी रॉसच्या बाबतीत तुम्ही घाई केली आहे. ‘संपूर्ण खोटी कथा’ असं लिहिलंत, ते खोडा. १७७६मध्ये वॉशिंग्टन स्वतः तिच्या दुकानात आला आणि तिने पहिला राष्ट्रध्वज शिवला, ही कथा तिचा नातू विल्यम कॅन्बी याने १८७०मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या इतिहास मंडळापुढे मांडली. अंतर ९४ वर्षं, आधार घरच्यांच्या आठवणी. त्या भेटीचा त्या काळातला एकही कागद नाही. ध्वजाच्या रचनेबद्दल काँग्रेसकडे बिल लावलं ते फ्रान्सिस हॉपकिन्सनने, १७८०मध्ये. पण मे १७७७मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या नौदल मंडळाने जहाजांची निशाणं शिवल्याबद्दल बेट्सीला १४ पौंड १२ शिलिंग २ पेन्स दिल्याची नोंद आहे. ती झेंडे शिवणारी कसबी बाई होती आणि त्यावर तिचं घर चालत होतं. कथेने तिला मोठं केलं, पण तिचा धंदा आणि तिचा हिशेब त्यात झाकला गेला.

म्हणून टिपणात पाच रकान्यांचा तक्ता करा : घटना, पहिली नोंद, अंतर, सांगणारा आणि त्याची गरज, कथेने काय झाकलं. शेवटच्या रकान्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. वॉशिंग्टनच्या लाकडी दातांची कथा घ्या. त्याच्या कवळ्यांत पाणघोड्याचा दात, धातू आणि माणसाचे दात होते, लाकूड कधीच नव्हतं. जुन्या हस्तिदंतावर डाग पडून बारीक चिरा गेल्या की तो लाकडासारखा दिसतो, तिथून हा समज आला असावा. त्याच्या हिशेबवहीत मात्र मे १७८४ची नोंद आहे : गुलामांकडून घेतलेल्या नऊ दातांचे ६ पौंड २ शिलिंग. त्याच्याच कवळीत ते बसले का, हे नोंद सांगत नाही. पण लाकडाच्या निरुपद्रवी गोष्टीमागे कोणता कागद दडला हे दिसतं. सातपैकी अशा दोनच कथा ठेवा, बाकी पाच काढून टाका.

आता रितेपणाबद्दल. एखाद्या सकाळी पांडवलेणी चढून जा. नाव पांडवांचं आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात भिंतीवर ब्राह्मी अक्षरांत लिहिलंय की गौतमीपुत्र सातकर्णीची आई बलश्री हिने, पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी, हे लेणं बौद्ध भिक्षुसंघाला दिलं. डोंगराचं नावही तिथे आहे, त्रिरश्मी. मधल्या शेकडो वर्षांत ही लिपी कुणालाच वाचता येत नव्हती. एवढं मोठं काम पाहून लोकांना पांडवच आठवले. त्या नावातून बलश्रीचा काळ कळत नाही, पण लिपी विसरलेल्या पिढ्यांना थोर काम म्हणजे कुणाचं वाटत होतं ते कळतं. नाव पुसायचं नाही, वेगळ्या रकान्यात लिहायचं. अमेरिकेच्या कथांनाही तोच न्याय लावा. देश कथांवर उभा नसतो, पण आपल्याला काय व्हायचंय हे तो कथांतून बोलत असतो.

प्रश्न : आमच्या शाळेच्या जिन्यात लिंकनने हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र फ्रेम करून लावलंय. एका विद्यार्थ्याने ते लिंकनचं नाही असं सांगितलं. खरं काय? फ्रेम काढावी का?
(शिक्षक, नाशिक रोड)

उत्तर : विद्यार्थी बरोबर सांगतोय, त्याला शाबासकी द्या. लिंकनची पत्रं, भाषणं आणि टिपणं १९५३ ते १९५५ या काळात आठ खंडांत प्रसिद्ध झाली. त्यात हे पत्र नाही. त्याचं हस्तलिखितही कुठे नाही. आता घरातल्या तारखा लावून बघा. मोठा मुलगा रॉबर्ट १८४३चा. तो बाहेरगावच्या शाळेत गेला १८५९मध्ये, म्हणजे सोळा वर्षांचा असताना. एडी १८५०मध्येच वारला, विली १८६२मध्ये अकराव्या वर्षी गेला, आणि धाकट्या टॅडला व्हाइट हाऊसमध्ये शिकवणी होती. शाळेत पहिलं पाऊल टाकणाऱ्या कोवळ्या मुलाला हेडमास्तरांच्या हवाली करणारा बाप यात कुठे बसत नाही.

मराठीत हे पत्र वसंत बापटांच्या अनुवादामुळे घरोघरी पोचलं, आणि ते टिकलं ते त्यातल्या मराठीमुळे. फ्रेम काढू नका. खालची ओळ बदला : ‘लिंकनच्या नावाने प्रसिद्ध, अनुवाद वसंत बापट’. आणि शेजारी लिंकनचं एक खरं पत्र लावा. २२ जुलै १८६० रोजी त्याने जॉर्ज लेथम या पोराला लिहिलंय. तो रॉबर्टचा मित्र, हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेत नापास झालेला. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक अंगावर असताना लिंकनने वेळ काढून त्याला धीर दिला : यात खचण्यासारखं काही नाही, ठरवलंस तर जमेल, पण आता माघार घ्यायची नाही. दहावी-बारावीच्या निकालाच्या आठवड्यात याहून योग्य कागद जिन्यात लागणार नाही.

प्रश्न : महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. पण आता ऐकतो की तिथलं यादवी युद्ध गुलामीवरून झालंच नव्हतं, राज्यांच्या हक्कांवरून झालं. मग फुल्यांचा समज चुकीचा होता का?
(वाचक, सातपूर)

उत्तर : नाही. फुल्यांनी १८७३मध्ये, युद्ध संपून आठ वर्षं झाली असताना, ज्या गोष्टीसाठी तिथल्या भल्या लोकांना मान दिला, ती गोष्ट, म्हणजे गुलामीचा शेवट, घडली होती.

इथेही दोन तारखाच बघा, आणि माणूस एकच घ्या. दक्षिणेचा, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या सरकारचा, उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स याने २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना शहरात जाहीर भाषण केलं. काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी हीच त्याची स्वाभाविक अवस्था, या तत्त्वावर आमचं नवं सरकार उभं आहे, असा त्या भाषणाचा गाभा होता. युद्ध हरल्यावर त्याच स्टीफन्सने १८६८पासून दोन खंडांचा ग्रंथ लिहिला, आणि त्यात युद्धाचं कारण राज्यांचे घटनात्मक हक्क हे झालं. युद्धाआधीचा कागद आणि पराभवानंतरचा कागद समोरासमोर आले, की कारणाची साक्ष पहिल्याची घ्यायची.

दक्षिण कॅरोलिनाने डिसेंबर १८६०मध्ये फुटून निघताना कारणांचं जाहीर पत्रक काढलं. ते मुळातून वाचा, कारण त्यातली तक्रार उलटी आहे. उत्तरेकडची राज्यं पळून आलेले गुलाम परत करत नाहीत. न्यूयॉर्क तर मालकाला गुलाम घेऊन आपल्या हद्दीतून जाऊही देत नाही. म्हणजे राग होता तो उत्तरेकडच्या राज्यांनी आपले हक्क वापरल्याचा. दक्षिणेच्या नव्या राज्यघटनेत तर गुलामांच्या मालकीला धक्का लावणारा कायदा करायलाच बंदी होती. १८६०च्या शिरगणतीत गुलामीत असलेली माणसं होती जवळपास ४० लाख.

‘हरलेल्या पण उदात्त लढ्या’ची कथा पुढे पसरली ती १८९४मध्ये स्थापन झालेल्या युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसीसारख्या संघटनांमुळे. पुतळे उभारणं आणि शाळेची पुस्तकं तपासणं ही त्यांची मोठी कामं. दक्षिणेतले असे बरेच पुतळे १९००नंतर, काळ्या नागरिकांचा मताधिकार काढून घेतला जात असताना उभे राहिले.

मात्र एका मिथकाला दुसरं मिथक उत्तर म्हणून देऊ नका. ‘लिंकनच्या जाहीरनाम्याने एकही गुलाम सुटला नाही’ हेही तुम्हाला ऐकवलं जाईल. १ जानेवारी १८६३चा जाहीरनामा फक्त बंडखोर भागांना लागू होता, हे खरं. पण सैन्य पुढे सरकेल तसतसा तो अमलात आला, आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक उत्तरेच्या बाजूने लढले. सगळीकडची गुलामी कायद्याने संपली ती डिसेंबर १८६५च्या तेराव्या घटनादुरुस्तीने.

प्रश्न : नातू टेक्सासमध्ये दुसरीत आहे. नोव्हेंबरमध्ये थँक्सगिव्हिंगचं नाटक असतं, व्हिडिओ कॉलवर मला गोष्ट विचारतो. त्याला खरं काय सांगू?
(आजोबा, इंदिरानगर)

उत्तर : आजोबा, जेवण झालं होतं, ते नक्की सांगा. १६२१च्या शरदात प्लिमथला, तिथे नुकत्याच येऊन वसलेल्या इंग्रजांचं पहिलं पीक हाती आल्यावर. त्यांच्यातल्या एडवर्ड विन्स्लोने त्याच डिसेंबरात लिहिलेल्या पत्रात ते आहे : वाम्पानोआग या तिथल्या मूळ रहिवाशांचा प्रमुख मॅसासॉइट सुमारे ९० माणसं घेऊन आला, तीन दिवस खाणंपिणं चाललं, आणि पाहुण्यांनी पाच हरणं आणली. बटाटे नव्हते. विन्स्लोने त्या जेवणाला ‘थँक्सगिव्हिंग’ म्हटलेलं नाही. तसं नाव दिलं १८४१मध्ये अलेक्झांडर यंग यांनी, ते पत्र पुन्हा छापताना, एका तळटीपेत. नोव्हेंबरातला राष्ट्रीय सण झाला तो लिंकनच्या १८६३च्या घोषणेनंतर, यादवी ऐन भरात असताना.

नाटकात ज्याला बहुतेक वेळा फक्त मका पेरायला शिकवायला उभं करतात, त्या टिस्क्वांटमची गोष्ट नातवाला सांगा. त्याला इंग्रजी कुठून येत होतं? १६१४मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमध्ये विकायला नेलं. तिथून तो इंग्लंडला पोचला आणि १६१९मध्ये घरी परतला, तर त्याचं पटुक्सेट गाव साथीच्या रोगाने पार ओस पडलं होतं. इंग्रजांनी प्लिमथ वसवलं ते त्याच गावाच्या जागेवर. सात-आठ वर्षांच्या मुलाला हे समजतं, आणि लक्षातही राहतं. पुढे १६७५मध्ये मॅसासॉइटच्या मुलाचं इंग्रजांशी भीषण युद्ध झालं, ते तो मोठा झाल्यावर.

प्लिमथचा प्रसिद्ध खडक पाहिलात तर त्याचंही वय काढा. लोक उतरले १६२०मध्ये, आणि ‘याच खडकावर उतरले’ असं पहिल्यांदा सांगितलं गेलं १७४१मध्ये, तिथे धक्का बांधायचं ठरलं तेव्हा. सांगणाऱ्या थॉमस फॉन्सचं वय नव्वदीच्या पुढे होतं. प्रत्यक्ष उतरलेल्यांच्या लिखाणात खडकाचा उल्लेखच नाही.

प्रश्न : रोझा पार्क्स दमून बसमध्ये बसून राहिली आणि चळवळ सुरू झाली, असं भाषणात बोलले. परीक्षकांनी गुण कापले. का?
(महाविद्यालयीन विद्यार्थी, पंचवटी)

उत्तर : ‘दमून’ या एका शब्दासाठी कापले असतील, आणि ते योग्यच झालं. १ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरीत अटक झाली तेव्हा पार्क्स ४२ वर्षांच्या होत्या. काळ्या नागरिकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एन.ए.ए.सी.पी. या संघटनेच्या स्थानिक शाखेचं चिटणीसपण त्यांच्याकडे १९४३मध्ये आलं होतं. अटकेच्या आधीच्याच उन्हाळ्यात टेनेसीतल्या हायलँडर शाळेत त्या कार्यकर्त्यांच्या शिबिराला जाऊन आल्या होत्या. आपण दमलो होतो ते मान तुकवण्याला, हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय. त्या गोऱ्यांच्या जागेवरही बसल्या नव्हत्या. काळ्यांसाठीच्या भागातल्या पुढच्या रांगेत होत्या, आणि गोरे प्रवासी वाढले म्हणून चालकाने ती रांग उठवली.

आधी नऊ महिने, २ मार्च १९५५ रोजी, १५ वर्षांच्या क्लॉडेट कॉल्व्हिनलाही याच कारणाने अटक झाली होती. न्यायालयात बसमधला भेदभाव ज्या खटल्याने घटनाबाह्य ठरला, त्यात कॉल्व्हिन वादी होती, पार्क्स नव्हत्या. पार्क्स यांच्या अटकेच्या रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने सहकाऱ्यांसह हजारो पत्रकं चक्रमुद्रित केली आणि सोमवारपासून बस ओस पडल्या. बहिष्कार ३८१ दिवस चालला. एवढे दिवस लोकांना कामावर न्यायला गाड्यांची पाळी लावावी लागते, थांबे ठरवावे लागतात, पेट्रोलचे पैसे गोळा करावे लागतात. भाषणात ते सांगा. तुम्ही पंचवटीत राहता. काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला, हे सगळ्यांना पाठ असतं. पण भाऊराव गायकवाड आणि त्यांच्या सोबत्यांनी तो पुढे पाच वर्षं कसा धरून ठेवला, हे फार थोड्यांना सांगता येतं.

थोडक्यात

‘अमेरिकेतल्या सेलममध्ये किती चेटकिणी जाळल्या?’ (सिडको) एकही नाही. १६९२मध्ये १९ जणांना फाशी दिलं, त्यात पुरुषही होते. जाइल्स कोरी हा म्हातारा अंगावर दगड रचून मारला गेला. जाळणं युरोपातलं.

‘स्वातंत्र्य ४ जुलैलाच मिळालं ना?’ (देवळाली कॅम्प) स्वातंत्र्याचा ठराव २ जुलै १७७६चा. ४ जुलैला जाहीरनाम्याचा मजकूर मंजूर झाला. बहुतेक सह्या झाल्या २ ऑगस्टला.

‘अंतराळात लिहायला नासाने कोट्यवधी खर्चून पेन केलं, रशियनांनी पेन्सिल वापरली. खरं का?’ (कॉलेज रोड) पेन पॉल फिशरने स्वतःच्या पैशांनी केलं. नासाने सुमारे ४०० घेतली, एकेक साधारण सहा डॉलरला. पुढे रशियनांनीही तीच घेतली. शिशाचे तुकडे तरंगून यंत्रात जातात आणि पेटूही शकतात, म्हणून पेन्सिल नकोशी होती.

प्रश्न : हे मूळ कागद नाशिकमध्ये बसून कुठे बघायचे?
(वर उल्लेख केलेली विद्यार्थिनी, दुसऱ्या पत्रातून)

उत्तर : घरबसल्या, फुकट. वॉशिंग्टन, अ‍ॅडम्स, जेफरसन यांची पत्रं ‘फाउंडर्स ऑनलाइन’वर, लिंकनचे सगळे खंड मिशिगन विद्यापीठाच्या संकेतस्थळावर, जुनी वृत्तपत्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’वर. तिथे शोधताना तीन गोष्टी आडव्या येतात. १८००च्या आधीच्या छपाईत शब्दाच्या मधला ‘एस’ लांब काढलेला असतो आणि यंत्र त्याला ‘एफ’ समजतं, म्हणून शब्द सापडला नाही तर ‘एस’च्या जागी ‘एफ’ टाकून पुन्हा शोधा. दुसरं, १७५२पर्यंत इंग्रजी मुलखात जुनी दिनदर्शिका होती आणि वर्ष २५ मार्चला बदलायचं. त्यामुळे वॉशिंग्टनची जन्मतारीख जुन्या नोंदीत ११ फेब्रुवारी १७३१ दिसेल आणि आजच्या पुस्तकात २२ फेब्रुवारी १७३२. दोन्ही बरोबर आहेत, तक्त्यात कुठल्या पद्धतीची तारीख घेतली ते लिहा. तिसरं, वीम्सच्या पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या स्कॅन होऊन उपलब्ध आहेत. शीर्षकाचं पान उघडून आवृत्तीचा क्रमांक आणि साल आधी बघा, मगच चेरीचं पान काढा.